कातळातलं अर्थिंग

"ओव्हाळ, तुझ्या आवाजापेक्षा तुझ्या सेटची घरघरच मला जास्त ऐकू येतेय. माइक ओठाला चावतो का रे?"

हेडफोनमधून उद्धवरावांचा आवाज आला आणि ज्ञानदेवचं तोंड कडू झालं. रविवारची सकाळ होती. पुण्या-मुंबईचे, नाशिक-कोल्हापूरचे सगळे हौशी रेडिओवाले त्या वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर जमलेले असत. उद्धवराव जे बोलतील ते सगळ्यांच्या कानावर जाणार.

"नाही, चावत नाही," ज्ञानदेव म्हणाला. बोलताना माइकच्या जाळीनं त्याच्या खालच्या ओठाला मुंगी डसल्यासारखा चटका दिलाच.

"चावत नाही म्हणे! अर्थिंग कुठं दिलंयस?"

"नळाला."

"नळ कुठून येतो?"

"टाकीवरून."

"आणि जमिनीत किती पुरलाय?"

भोसरीच्या त्या माळावर मुरूमसुद्धा वीतभर, खाली काळा कातळ. पाइप उघड्यावरून, दगडांवर टेकत टेकत आलेला.

"पुरलेला नाही ना? मग त्याला अर्थिंग म्हणतोस होय? ती तर दुसरी एरियल झाली! शिवाय तुझ्या ट्रान्सफॉर्मरनं कधी दगा दिला तर नळावर पाणी भरणारी बाई मरेल, गाढवा. आजच्या आज ती तार काढ. तांब्याची प्लेट घे, खड्डा खण, कोळसा आणि मीठ भर, वर पाणी ओत. जमत नसेल तर सेट विकून टाक आणि आकाशवाणी ऐकत बस. ओव्हर."

ज्ञानदेवनं सेट बंद केला. आतले काचेचे व्हॉल्व्ह थंड होईपर्यंत तो त्यांच्याकडे बघत बसला. जुन्या बाजारातून एकेक भाग वेचून त्यानं तो सेट जोडला होता. कंपनीत मेंटेनन्सला दिवसभर राबून, घरी टेबलावर बोटानं कट्ट-कडकट्ट करत तारेची मोर्स भाषा शिकला होता आणि सरकारी परीक्षा देऊन परवाना काढला होता. ओव्हाळांच्या घरातला माणूस हवेवरून सिलोनशी बोलतो, हे गावाकडं मावळात कुणाला खरं वाटत नसे. आणि हा दिघीचा म्हातारा, लष्कराच्या सिग्नलमधून निवृत्त झालेला, ज्याचं तोंडही त्यानं कधी पाहिलं नव्हतं, त्यानं चारचौघांत गाढव म्हणावं!

"काय म्हणाले?" त्याच्या बायकोनं, शालननं, स्टोव्हजवळून विचारलं.

"तार काढ म्हणाले."

"मग काढा की. धोंडीबापण तेच म्हणतात."

"धोंडीबाचं आणि त्यांचं एक नाही," ज्ञानदेव तुटक बोलला.

ते खरंच एक नव्हतं. धोंडीबा म्हणजे खोल्यांचा मालक. जमिनीचा मोठा तुकडा कारखान्यांसाठी गेला, उरल्या माळावर त्यानं पत्र्याच्या खोल्यांची ओळ बांधली. कंपनीतल्या एका सुपरवायझरच्या शब्दावर त्यानं ज्ञानदेवला खोली दिली तेव्हा आडनाव विचारलं नव्हतं. पुढं कळलं. कळल्यावर तो काही बोलला नाही, फक्त शालनचा हंडा नळावर दिसला की खाकरायला लागला. आणि ज्ञानदेवनं नळाला तार बांधली त्या दिवशी मात्र येऊन उभाच राहिला होता. "नळाला हात न्हाई लावायचा. समद्यांचं पानी हाय त्ये." तार बांधायची नाही असं तो म्हणाला नव्हता. हात लावायचा नाही, असं म्हणाला होता. म्हणून ज्ञानदेवनं ती तार मुद्दाम ठेवली होती.

आता ती काढावी तर धोंडीबा जिंकल्यासारखा, न काढावी तर म्हातारा बरोबर. शेवटी संध्याकाळी त्यानं ती सोडवलीच. माइक ओठाला चावत होता आणि नळावर बाया उभ्या असत, एवढं त्यालाही कळत होतं.

खड्डा खणायला मात्र कित्येक दिवस गेले. खोलीमागं कातळाला एक भेग होती, पावसाळ्यात तिच्यात पाणी मुरायचं. तिथंच पहार घालून ज्ञानदेव पाळीवरून आला की खणायला लागे. दगड फुटत नसे, पहारीचं टोक बोथट होई, हाताला फोड येत. शालन ढलप्या टोपलीत भरून टाकी. पुरुषभर खोल गेल्यावर ओल लागली. मग तांब्याची जाड प्लेट, तिला बोल्टनं आवळलेली जाड तार, भोवती लोणारी कोळसा, त्यावर जाडं मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ, असं करत त्यानं खड्डा भरला. वर एक फुटकं मडकं उपडं रोवलं, आणि शालन रोज त्याच्या भोकातून तांब्याभर पाणी ओतायला लागली.

सेट लावला तर घरघर गेलेली. ओठाला चटका नाही. पहारीनं शोधून काढलेली ती कातळातली ओल त्याला अगदी आपली वाटली. रविवारी तो उद्धवरावांना काही बोलला नाही. उद्धवरावही एवढंच म्हणाले, "आता माणसासारखा ऐकू येतोस," आणि दुसऱ्याशी बोलायला लागले.

पण खोल्यांच्या ओळीत वेगळंच सुरू झालं होतं.

शेजारच्या खोलीत किसन राहायचा, बीड जिल्ह्यातून आलेला, ज्ञानदेवच्याच कंपनीत फौंड्रीत. त्याची बायको कौशल्याबाई. किसनचा ट्रान्झिस्टर ज्ञानदेवचा सेट चालू झाला की खरखरायचा. त्यावरून आधीच दोनदा तोंडातोंडी झाली होती. त्यात हा खड्डा. कोळसा, मीठ, तांबं, वर उपडं मडकं, आणि एक बाई रोज त्याला पाणी घालते! त्याच आठवड्यात कौशल्याबाईच्या तान्ह्या मुलीला ताप भरला.

"काय पुरलंस रे तिथं?" किसननं एका संध्याकाळी वाट अडवून विचारलं.

"अर्थिंग आहे. करंट जमिनीत जायला."

"करंट! आमाला येडं समजायलास का? मीठ कशाला लागतंय करंटाला?"

"ओल धरून ठेवायला. कंपनीत सबस्टेशनमागं असंच आहे, जाऊन बघ."

"तुझ्या लोकाची करणी म्हाईत हाय आमाला," किसन म्हणाला आणि थुंकला. थुंकी ज्ञानदेवच्या पायापासून वीतभरावर पडली.

ज्ञानदेवची मूठ वळली. शालननं मागून त्याचा सदरा धरला. "मुलगी आजारी आहे त्याची. चला आत."

"आजारी आहे तर डॉक्टरकडं न्यावं. माझ्या खड्ड्यात काय बघतो?" तो मोठ्यानं बोलला, किसनला ऐकू जाईल असं. पोरीचा ताप पुढं उतरला, पण कौशल्याबाईनं शालनशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

मग तो सोमवार उजाडला.

ज्ञानदेवला दुसरी पाळी होती. तो दारात दाढी करत बसला होता. नळावर बाया जमल्या होत्या. टाकीखालच्या शेडमध्ये पंप सुरू होता. खालच्या सिमेंटच्या हौदातलं पाणी रबरी नळीनं ओढून तो दगडी खांबांवरच्या लोखंडी टाकीत चढवायचा, आणि टाकीतून पाइपानं ते नळाला येई. कौशल्याबाईनं हंडा लावला, तोटीला हात घातला, आणि विचित्र आवाज काढून ती मागं फेकली गेली. हंडा घरंगळत गेला. ती चिखलात पडून थरथरत होती. हात वाकडा होऊन छातीशी आला होता.

बाया किंचाळल्या. कुणी तरी म्हणालं, "त्याच्या तारेनं! त्या वायरीवाल्यानं मारलं!"

ज्ञानदेव अर्ध्या दाढीनिशी धावला. कौशल्याबाई शुद्धीवर होती, श्वास चालू होता. त्यानं तिला दोघींकरवी कोरड्या जागी नेलं. मग नळाकडं वळला तोच पाठीमागं कडाडकन आवाज झाला. किसननं कुऱ्हाड घेऊन त्याच्या एरियलच्या बांबूला उभं धरणारे दोरांचे ताण तोडले होते. बांबू पत्र्यावर आपटून खाली आला आणि एरियलची लांबलचक तार अंगणभर पसरली.

"माझी तार नळाला नाहीच!" ज्ञानदेव ओरडला. "केव्हाच काढलीय. बघा की, डोळे फुटलेत का? नळाला काही आहे का?"

"जमिनीखालनं सोडलास तू करंट," किसन म्हणाला. त्याच्या हातात कुऱ्हाड होतीच.

ज्ञानदेवचं लक्ष पंपाच्या आवाजाकडं गेलं होतं. खाली दगडी खांब, हौदात रबरी नळी, पाइप कातळावर. पंपाच्या मोटरमधून करंट बॉडीला आला, तर टाकी, पाइप, नळ, सगळं लोखंड जिवंत होणार आणि त्याला जमिनीत उतरायला वाटच नाही. जो कुणी ओल्या पायानं नळ धरील तोच त्याची वाट.

तो घरात गेला, कंपनीचे रबरी बूट पायात घातले, बल्ब लावलेला होल्डर घेऊन आला आणि नळापुढं उभा राहिला.

"कुणी हात लावायचा नाही नळाला. पंप बंद झाल्याशिवाय कुणीच नाही."

एक म्हातारी म्हणाली, "ह्यो आमाला पान्यावरनं हटिवतोय व्हय?"

आणि एकदम गलका उठला. गडी धावून आले. तेवढ्यात धोंडीबा आला, धोतराचा सोगा हातात धरून. "ए! बाजूला हो नळावरनं. कुनाच्या नळावर हुबा हायस तू?"

"पंपात फॉल्ट आहे. शेडची किल्ली द्या. मेन स्विच आधी बंद करा."

"माज्या पंपाला कायबी झाल्यालं न्हाई. तुजी ती मशीन आल्यापास्नं हे समदं सुरू झालं. आधी तू खोली खाली कर, मग म्या पंपाचं बघतो."

"खोलीचं नंतर बोलू. बाई मरत होती आत्ता. स्विच बंद करा!"

"मला हुकूम करतो? तू?"

त्या 'तू'मध्ये जे होतं ते सगळ्यांना कळलं. ज्ञानदेवनं होल्डरची एक वायर नळाला लावली. दुसरी जमिनीवरच्या चिखलात टेकवली. बल्बची तार जेमतेम लालसर झाली. कुणाला पटण्यासारखं ते काही नव्हतं.

"बगा, काय बी न्हाई," किसन म्हणाला. "ह्यो नाटकं करायलाय. मीच धरून दाखवतो नळ." आणि तो अनवाणी पुढं झाला.

ज्ञानदेवनं त्याला दोन्ही हातांनी छातीवर ढकललं. किसन पडता पडता सावरला आणि त्यानं ज्ञानदेवच्या तोंडावर ठोसा मारला. नाकातून रक्त आलं, अर्ध्या दाढीच्या फेसात मिसळलं. ज्ञानदेव हलला नाही. पाठ नळाकडं, हात पसरलेले. "मार. पण नळाला लागू देणार नाही."

दुसरा ठोसा बसला. तिसऱ्याला गडी किसनला धरू लागले, का तर बायाच ओरडायला लागल्या होत्या. धोंडीबा शिव्या देत होता, त्याही आता ज्ञानदेवच्या नव्हे तर त्याच्या साऱ्या जातीच्या नावानं.

त्या गोंधळात ज्ञानदेवनं शालनला पाहिलं. पडलेल्या एरियलची तार ती ओढत होती. एक टोक तिनं खोलीमागं नेलं होतं. हातात पक्कड होती. ज्ञानदेवला सांगावं लागलं नाही. खड्ड्याची जाड तार तिनंच रोज पाहिलेली, वरच्या मडक्यात तिनंच पाणी ओतलेलं. तिनं एरियलची तार त्या तारेला पीळ देऊन आवळली आणि दुसरं टोक कपड्यात गुंडाळून गर्दीतून वाट काढत आणलं.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. एरवी नळावर जिच्यासाठी कुणी हंडा सरकवत नसे, तिला वाट मिळाली. तारेच्या भीतीनं मिळाली.

ज्ञानदेवनं आधी होल्डरची एक वायर पुन्हा नळाला टेकवली आणि दुसरी त्या तारेला लावली. बल्ब भर उन्हात लख्ख पेटला. एक बाई "अगं आई" म्हणाली. मग त्यानं बल्ब काढला, पक्कडीच्या रबरी मुठीला धरून तारेचं टोक थेट पाइपावर दाबलं.

निळी ठिणगी उडाली. शेडमधून फ्यूज उडाल्याचा फट् असा आवाज आला आणि पंपाची घरघर थांबली. टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाजही हळूहळू बंद झाला. ज्ञानदेवनं तार पाइपाला गुंडाळली, नाकाचं रक्त बाहीला पुसलं, बूट काढले आणि सगळ्यांसमोर नळाची तोटी हातानं धरली. पाणी त्याच्या हातावरून वाहू लागलं.

"आता भरा," तो म्हणाला.

कुणीच पुढं आलं नाही. धोंडीबाला आधी काय झालं ते कळलं नाही. कळलं तेव्हा तो शेडकडं धावला आणि तिथून ओरडला, "पंप जाळला! माजा पंप जाळला ह्येनं!"

आणि खोल्यांतली माणसं पुन्हा कालवा करायला लागली. आता पाणी चढणार कसं? टाकीतलं संपलं की काय करायचं? ज्ञानदेवला वाटलं होतं, निदान कुणी तरी मान खाली घालील. पण पंप बंद पडलेला सगळ्यांना दिसत होता आणि बाई वाचलेली होती, म्हणजे त्यांच्या लेखी तिला काही झालंच नव्हतं. तो घरात गेला आणि उरलेली दाढी करायला बसला. शालननं वस्तरा काढून घेतला आणि आधी त्याच्या नाकाखालचं वाळलेलं रक्त ओल्या फडक्यानं पुसलं.

दुपारी वीज मंडळाचा वायरमन आला. त्यानं मोटर उघडली. आतलं वाइंडिंग जळून बॉडीला टेकलं होतं, आणि पंपाची स्वतःची अर्थिंगची तार कुणी तरी कधी तरी तोडून शेळी बांधायला वापरली होती. वायरमननं हे धोंडीबाला सांगितलं. फ्यूज उडाला नसता तर आज इथं तिरडी बांधावी लागली असती, असंही सांगितलं. धोंडीबानं ते ऐकून घेतलं आणि वायरमनला चहा पाजला. ओळीत कुणालाच तो काही बोलला नाही.

पुढच्या रविवारी ज्ञानदेव हवेवर नव्हता. बांबू मोडला होता, ओठ सुजला होता. दुपारी एक खाकी अर्धी पँट घातलेला, ताठ पाठीचा म्हातारा सायकल हातात धरून ओळीत शिरला.

"ओव्हाळ कोण?"

आवाजावरून ज्ञानदेवनं ओळखलं. उद्धवराव त्याच्यापेक्षा बुटके होते. एवढासा माणूस असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"ऐकू आला नाहीस. सेट जाळलास का?"

ज्ञानदेवनं काय झालं ते सांगितलं. उद्धवराव ऐकत होते का नाही कळेना. ते खोलीमागं गेले, मडकं उचलून बाजूला ठेवलं, गुडघ्यावर बसून तारेचा जोड तपासला.

"हा जोड कुणी मारलाय?"

"मी," शालन म्हणाली.

"पीळ चांगला आहे. पण नुसता पीळ गंजतो. कथील लावून झाळून घ्या." मग ज्ञानदेवकडं वळून, "आणि तू, बल्ब चिखलात लावून काय बघत होतास? त्या करंटला कातळात कुठली वाट होती? आधीच अर्थिंगला लावायचा. बाईनं डोकं चालवलं म्हणून, नाही तर मेला असतास तिथं शहाणपणा करत."

"मार खात होतो मी तेव्हा," ज्ञानदेव चिडून म्हणाला. "तुम्ही काय, दिघीत बसून सांगायला मोकळे."

"मग? मार खाताना डोकं बंद ठेवायचं असतं का?"

दोघं एकमेकांकडं रागानं बघत राहिले. शालननं पाणी आणलं. उद्धवरावांनी तांब्या घेतला, उभ्यानंच गटागटा प्याले आणि म्हणाले, "बांबू कुठं मिळतो इथं?"

धोंडीबानं निरोप पाठवला होता, महिनाअखेर खोली खाली करायची. ज्ञानदेवनं तो सांगितला तेव्हा उद्धवराव एवढंच म्हणाले, "निघ म्हटलं की निघायचं, असा कायदा नाही. पावती आहे ना भाड्याची? बस मग."

दिवस मावळायच्या आत नवा बांबू उभा राहिला. तीन ताण तिघांनी ओढले. सगळी ओळ दारात उभी राहून बघत होती. किसन बाजेवर बसून विडी ओढत होता. कौशल्याबाई दारात आली, तिचा हात अजून कापडानं गळ्यात बांधलेला होता. तिनं काही तरी म्हणायला तोंड उघडलं असावं. किसननं "आत हो" म्हटलं आणि ती आत गेली. एक ताण निसटायला लागला तेव्हा चार धट्टेकट्टे गडी हाताच्या अंतरावर होते. कुणी हात लावला नाही. उद्धवरावांनी तो पायानं दाबून धरला आणि खुंटीला बांधला.

"उद्या पाडीन म्या ह्ये!" धोंडीबा लांबून ओरडला.

"पाडा," ज्ञानदेव म्हणाला. "परवा पुन्हा उभा करीन."

धोंडीबानं तो पाडला नाही. पुण्याच्या कोर्टात खोली खाली करण्याचा दावा मात्र लावला, आणि तो कित्येक वर्षं तारखांवर चालला. दुरुस्त पंप परत बसवला तेव्हा वायरमननं त्याची अर्थिंगची तार ज्ञानदेवच्या खड्ड्यालाच जोडली, कारण त्या सबंध कातळावर दुसरीकडं ओल नव्हती. धोंडीबानं ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. शालन उन्हाळाभर मडक्यात पाणी घालत राहिली. ती नळावर आली की बाया आता हंडा सरकवत, पण बोलत नसत.

किसन आणि ज्ञानदेव एकाच पाळीला असले की एकाच स्टॉपवर बसची वाट बघत. दोघांच्या हातांत सारखेच डबे असत. बस उशिरा आली तर किसन दुसऱ्या कुणाला तरी वेळ विचारायचा.